आबांच्या बोलण्याची नक्कल

लोकांना सुगी आवडते. मला आवडत नाही. माघ सरत आला की कराडच्या आमच्या खिडकीतून कडब्याच्या गाड्या दिसू लागतात, रस्त्यावर पाचोळा उडतो, घशात धूळ बसते, आणि मी खिडकी लावून घेतो. पुतण्याला हे पटत नाही. त्याचे पाहुणे याच दिवसांत शहरातून मोटारी भरून येतात, शेतात सतरंज्या टाकून बसतात, हातात कणसं धरून एकमेकांचे फोटो काढतात आणि संध्याकाळी माझ्यापुढं येऊन उभे राहतात. पुतण्या कौतुकानं सांगतो, "आमचे काका नाटक कंपनीत विनोदी नट होते बरं का." मग त्यातला एखादा पोट भरलेला गृहस्थ म्हणतो, "काका, काहीतरी करून दाखवा ना."

"तुम्ही काय कमी करताय?" मी म्हणतो.

माणसं हसतात. त्यांना वाटतं, हा विनोद होता.

हसणाऱ्या माणसांविषयी माझं मत चांगलं नाही. ते त्यांना रंगभूमीवरून पाहिल्यामुळं झालं आहे. प्रेक्षकांत बसलेल्याला शेजाऱ्याचं हसणं ऐकू येतं. वरून ते दिसतं. तंबाखूनं काळे पडलेले दात दिसतात, मागं फेकलेल्या माना दिसतात, हसता हसता शेजाऱ्याला मारलेल्या कोपरखळ्या दिसतात. कुणाचं तरी काहीतरी पडलं, फाटलं, अडखळलं, की ही माणसं खूश. आणि मी त्यांना ते रोज काढून देत होतो. म्हणजे त्यांच्याविषयी मत वाईट आणि स्वतःविषयी चांगलं, असंही नाही.

मी मूळचा सांगलीचा. नाटकाचं वेड असलेल्या त्या गावात एकोणिसाव्या वर्षी एका कंपनीत शिरलो. पहिलं काम पहारेकऱ्याचं. "महाराज, शत्रू वेशीवर आला," एवढं एकच वाक्य. ते म्हणताना माझी डाव्या बाजूची मिशी सुटली आणि ओठावर लोंबायला लागली. शत्रू वेशीवर असताना सगळं थिएटर हसत सुटलं. महाराजही हसले. विंगेत आल्यावर मला रडू येत होतं. मालक पाठीवर हात ठेवून म्हणाले, "उद्याही पडू दे मिशी." माझ्या कलेची सुरुवात ही अशी झाली. पुढं मी पडायला शिकलो, पाय मुरडायला शिकलो, मग माणसांच्या नकला करायला शिकलो. ज्या गावात खेळ असेल तिथल्या बाजारात दोन तास हिंडायचो आणि संध्याकाळपर्यंत एखादा वाणी, एखादी भाजीवाली उचलून आणायचो. मला त्याची लाज वाटत नव्हती. डोंबारी दोरीवर चालतो, मी माणसांवर चालत होतो.

युद्ध सुरू झालं आणि कंपनीचे दिवस फिरले. आधीच बोलपटांनी आमचे प्रेक्षक पळवले होते, त्यात रॉकेल मिळेना. गॅसबत्त्या पेटवायच्या कशा? म्हणून आम्ही खेळ दुपारचे केले, सांगली-साताऱ्याची थिएटरं सोडून तंबू घेतला आणि बाजारगावं धरली. भर उन्हात रंग लावून राजवाड्याच्या पडद्यापुढं उभं राहायचं. तोंडावरचा रंग घामानं गळ्यात उतरायचा. सगळे एकमेकांवर चिडलेले. भात कोणी जास्त घेतला, चहा कोणी आधी प्याला, यावरून राजे आणि सेनापती खऱ्याखुऱ्या मारामाऱ्या करायचे.

अशाच एका माघात साताऱ्याहून कराडला येताना मला हिवताप भरला. ट्रकमध्ये पडद्यांच्या वळकट्यांवर मी थडथडत पडलो होतो आणि उलट्या करत होतो. राजवाड्याचा पडदा खराब झाला. उंब्रजच्या अलीकडं मालकांनी ट्रक थांबवला, दोघांकडून मला खाली उतरवलं, रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसवलं आणि म्हणाले, "मागनं दुसरी गाडी येतेय, ती घेईल तुला." दुसरी गाडी नव्हतीच. ते मला माहीत होतं, मालकांनाही माहीत होतं.

त्या बाभळीखाली मी किती वेळ होतो, कळलं नाही. सुगीचे दिवस, रस्त्यावर रहदारी भरपूर. माणसं येत होती, माझ्याकडं पाहून रस्ता बदलत होती. एका बाईनं "पटकी असंल, लांबनं चल," असं पोराला सांगितलेलं अजून आठवतं. मग एक कडब्याची गाडी थांबली. साठीचा, उंच, हडकलेला माणूस खाली उतरला. माझ्यापुढं उकिडवा बसला आणि काहीतरी बोलायला लागला. बोलायला लागला म्हणजे तोंड उघडलं, मान ताठ केली, डोळे मिटले. शब्द येईना. मग त्यानं मूठ वळून स्वतःच्या मांडीवर दोनदा हाणली, तेव्हा कुठं तो आला.

"घ... घ... घाबरू नगंस."

हे हैबती आबा. पहिल्या महायुद्धात पलटणीत होते. तिकडं कुठंतरी शेजारी गोळा फुटला, माणूस वाचला, पण जीभ अडकायला लागली ती कायमची. हे मला नंतर त्यांच्या सुनेनं, तानूवहिनींनी, सांगितलं. स्वतः आबा एवढं लांबलचक सांगायच्या भानगडीत पडले नसते.

त्यांनी मला कडब्यावर घालून उंब्रजच्या त्यांच्या खळ्यावर नेलं. खळ्याच्या कडेला खोप होती, तिच्यात मी अकरा दिवस काढले. हिवतापावरचं कोयनेल कुठं मिळत नव्हतं. आबा चालत कराडला गेले आणि कुठून तरी घेऊन आले. तानूवहिनी जोंधळ्याच्या कण्या ताकात शिजवून द्यायच्या. मी कोण, कुठला, कुठल्या जातीचा, रस्त्यावर कसा पडलो, एकानंही विचारलं नाही. बाहेर मळणी चाललेली असायची. मधल्या खांबाभोवती कणसं पसरलेली आणि त्यांवरून बैल गोल गोल फिरताहेत. बैलांशी बोलताना आबा अजिबात अडखळत नसत. "चल माज्या राजा, वळ, आसं," असं एकसारखं, गाण्यासारखं चालायचं. माणूस समोर आला की जीभ अडायची. मी पडल्या पडल्या ऐकायचो.

ताप उतरल्यावर एक दिवस आबा शाई-दौत आणि कागद घेऊन आले. त्यांचा मुलगा शिवराम पलटणीत होता, समुद्रापलीकडं. त्याला पत्र लिहायचं होतं. गावातल्या मास्तरांकडून लिहून घ्यायचे, पण मास्तरांना घाई असायची. आबा शब्दाशी झगडत असताना ते आपल्या मनानं वाक्य पुरं करून टाकायचे. मला घाई नव्हती. मी लिहायला बसलो.

एका पानाच्या पत्राला सगळी दुपार लागली. "आमी बरं हाय. शाळू चांगला आलाय. जेवत जा. घाबरू नगंस." आणि मग शेवटी एक वाक्य. शिवरामची जुनी टोपी गोठ्यात खुंटीवर लटकलेली होती. तांबडा बैल येता-जाता मान उंच करून ती हुंगायचा. ते आबांना लिहायला हवं होतं. "तांबडा तुज्या टोपीचा वास घेतो." या पाच शब्दांना केवढा वेळ लागला! "ता... ता..." मूठ मांडीवर. पुन्हा. मानेच्या शिरा फुगलेल्या, डोळ्यांत पाणी आलेलं. मी सभ्यपणानं कागदाकडं पाहत राहिलो. चेहरा सज्जनाचा होता, कान मात्र चोराचे होते. त्या दुपारी, त्या माणसाच्या खोपीत, त्याच्या कण्या पोटात असताना, माझ्या डोक्यात एक प्रवेश तयार होत होता.

कराडला जाऊन कंपनी गाठली. मालकांनी "आलास का? बरं झालं," एवढंच म्हटलं. चैत्रात, जत्रांच्या दिवसांत, तो प्रवेश पहिल्यांदा रंगभूमीवर आला. तोतरा बाप लढाईवरच्या मुलाला पत्र सांगतो आणि कारकून ऐकू येईल तसं उतरवतो. बाप म्हणतो, "चि... चि... चि... चिरंजीव." कारकून म्हणतो, "आबा, चिमणी उडवू की ठेवू?" बाप मांडीवर मूठ मारतो. कारकून दचकून शाई सांडतो. बैलाचं वाक्य मी तसंच ठेवलं, कारण "ता, ता, ता" म्हणताना मला नाचता यायचं. शेवट "घ घ घाबरू नगंस" वर. ते म्हणताना मी स्वतःच घाबरून पडायचो.

असं हसणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्या मुलखात घरटी एक पोरगा पलटणीत. प्रत्येक घरातून असं पत्र जात होतं. त्यांच्या पोटात जी भीती होती, तिच्यावर मी नेमकं बोट ठेवलं होतं, म्हणून ते हसत होते. मला वाटलं, आपण आता खरे नट झालो. लोक रस्त्यात ओळखायला लागले. सातारा, कराड, सांगली, कुठंही जा, पोरं एकमेकांना ढकलून ओरडायची, "घ घ घाबरू नगंस!" माझं वाक्य म्हणून ते सगळीकडं झालं. एका अनोळखी आजाऱ्याला धीर द्यायला एका माणसानं मोठ्या कष्टानं तोंडातून काढलेलं वाक्य मी गावोगाव वाटलं, आणि त्याची शिवी झाली.

मला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. ट्रक उंब्रजवरून जायचा तेव्हा मी पडद्यांच्या वळकट्यांमागं खाली वाकून बसायचो.

पुढच्या वर्षी सुगीतच आमचा तंबू साताऱ्यात होता. एका दुपारी पुढच्या रांगेत रजेवर आलेले सात-आठ शिपाई बसले होते. असे प्रेक्षक मिळाले की मी खुलायचो. सगळे मांड्यांवर थापा मारून हसत होते. बैलाचं वाक्य आलं आणि त्यातला एक हसता हसता थांबला. दिवा विझावा तसा नाही. तोंड उघडंच राहिलं होतं, फक्त आवाज बंद झाला. मला तो दिसला. मी पुढचं सगळं त्याच्याकडं न पाहता केलं.

खेळ संपल्यावर तो विंगेत आला. मी तोंडाचा रंग पुसत होतो.

"तुज्या खेळातला बैल कोनाचा रं?" त्यानं विचारलं.

त्यानं खिशातून घड्या झिजलेला कागद काढून माझ्यापुढं धरला. माझं वळणदार अक्षर. त्यात कुठंही अडखळणं नव्हतं.

"अक्षर तुजंच न्हवं?"

"माझंच."

"चार महिनं घरचं पत्र न्हाई. बाप मेला आसंल म्हनून रजा काडली. मोटारीला वेळ हुता, तर दोस्त म्हनले चल, लय हसायला येतंय." त्यानं कागदाची घडी घातली. "आन् मी हसलो. तुला मारीन म्हनत हुतो. पर मीबी हसलोय. आता कसा मारू?"

तो शिवराम होता. त्यानं मला मारलं नाही. मारलं असतं तर मी सुटलो असतो.

"सकाळी माज्यासंगं उंब्रजला यायचं," तो म्हणाला. "आबापुढं करून दाखवायचं. जसं हितं केलंस तसं."

मालकांनी आडकाठी केली. उद्याचा खेळ होता. मी म्हटलं, "माझं काम दुसऱ्या कुणाला द्या."

"कोण करील तुझ्यासारखं?"

"कुणीही करील. तोतरं बोलायला अक्कल लागत नाही."

मालक वळून कारकुनाचं काम करणाऱ्याला म्हणाले, "उद्या तू बाप हो." इतकं सोपं होतं. मी वर्षभर ज्याला कला म्हणत होतो, तिला दुसरा मालक मिळायला एवढाच वेळ लागला.

सकाळच्या मोटारीनं आम्ही निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळूची कापणी चाललेली, बायका वाकलेल्या, पेंढ्या रचलेल्या. लोक ज्या दृश्यावर कविता करतात ते सगळं होतं. मी खिडकीकडं पाठ केली.

खळ्यावर तानूवहिनी आधी दिसल्या. नवऱ्याला बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते माझ्याकडं नजर जाताच गेलं.

"ह्येला कशाला आनलासा?"

"आबा कुटं हाय?"

त्यांनी हात केला. आबा उपणायच्या तिवईवर उभे होते, वाऱ्यावर जोंधळा सोडत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं. पाटी खाली ठेवली, सावकाश उतरले. मुलाला दोन्ही हातांनी चाचपलं, खांदे, दंड, तोंड. बोलले नाहीत. मग माझ्याकडं वळले. घागरीतून तांब्या भरला आणि माझ्या हातांवर पाणी ओतलं, आल्या माणसाला देतात तसं. तोंड मिटलेलं.

"आबा, बोला की," शिवराम म्हणाला. "म्या आलोय न्हवं?"

तानूवहिनींनी पदरानं तोंड पुसलं आणि सांगितलं. गावातली माणसं जत्रेत कराडला खेळ बघून आली होती आणि त्यांनी बाप कोण ते लगेच ओळखलं होतं. आबा काडेपेटी घ्यायला दुकानात गेले तर दुकानदारच "का... का... का?" म्हणायचा. पोरं मागं लागायची. लग्नात पंगतीला बसले तर वाढणाराही हसायचा. दिवाळीत एकदा आबा दुकानाच्या पायरीवर उभे राहिले, तोंड उघडलं, मूठ वळली, आणि सगळी पेठ थांबून त्या मुठीकडं बघायला लागली. आबा तसेच माघारी आले. त्या दिवसापासून माणसाशी बोलणं बंद. पत्र लिहून घ्यायचं म्हणजे मास्तरांपुढं बोलायला हवं. म्हणून पत्रही बंद.

"बैलासंगं बोलत्यात तेवडंच," वहिनी म्हणाल्या. "माज्यासंगंबी न्हाई."

शिवरामनं माझी मान धरली. "कर आता. कर. बापाच्या म्होरं कर."

मी हात जोडले. "आबा, मला माफ करा," म्हणालो. आबा वळले, तिवईवर चढले आणि पाटी उचलली. वाऱ्याची दिशा माझ्याकडं होती. भुसा माझ्या डोक्यावर, डोळ्यांत, जोडलेल्या हातांवर पडत राहिला.

शिवरामला आठ दिवसांची रजा उरली होती. तो म्हणाला, "तवर तूबी हितंच. आबा बोलला तर सुटलास."

मी राहिलो. पहारा नव्हता, मला पळता आलं असतं. आठ दिवस कणसं पसरली, बैलांमागं फिरलो, पाट्या वाहिल्या, हातांना फोड आले. कुणी माझ्याशी बोललं नाही. वहिनी भाकरी आणून लांब ठेवायच्या आणि मागं सरायच्या. तिसऱ्या दिवशी मी माझ्या सवयीवर गेलो. आबांना हसवून बघावं म्हणून तांबड्या बैलामागं त्याच्यासारखाच मान हलवत, पाय टाकत चाललो. बांधावरची दोन माणसं हसली. आबांनी तोंड फिरवलं आणि वहिनी तिथूनच कडाडल्या, "आमच्या खळ्यावर हासायचं न्हाई. भाकरी खावा आन् गप ऱ्हावा."

पाचव्या दिवशी आबा खोपीच्या सावलीला बसले होते. मी जवळ जाऊन म्हणालो, "आबा, मी तुम्हाला हसत नव्हतो. ते नुसतं नाटक होतं."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत राग होता, सरळ, स्वच्छ. मला त्या नजरेपुढं खोटं धरून ठेवता येईना.

"हसत होतो," मी म्हणालो. "इथंच, पत्र लिहितानाच हसत होतो मनात."

त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना केव्हाचं माहीत होतं. उठले आणि बैलांकडं गेले. त्यानंतर तीन दिवस त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. लोक म्हणतात, खरं बोललं की मन हलकं होतं. माझं झालं नाही. खरं बोलल्यानं फक्त खरं कळतं.

शिवराम निघाला तो बाजारचा दिवस होता. मोटारीच्या थांब्यावर गर्दी उसळलेली. त्या वेळी पेट्रोल नसल्यामुळं मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागं शेगडीसारखी टाकी असायची, पंखा फिरवून फिरवून ती पेटवावी लागे. त्यात अर्धा तास जायचा आणि रिकामी माणसं भोवती जमायची. माण तालुक्याकडचा एक मेंढपाळ दोन शेळ्या घेऊन मोटारीच्या टपावर चढून बसला होता. शिवराम वळकटी घेऊन उभा. समोर आबा. मी आणि वहिनी जरा मागं.

आबांना बोलायचं होतं. सगळ्या अंगावरून कळत होतं. मुलगा लढाईवर परत चाललेला, पुन्हा दिसेल न दिसेल. त्यांनी तोंड उघडलं, मान ताठ झाली, मूठ वळली. आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "घ घ घाबरू नगंस!"

हशा झाला. मी तो आवाज ओळखत होतो. वर्षभर रोज ऐकला होता. सगळी माणसं वळली, जवळ सरकली. आबांच्या मुठीकडं पाहत उभी राहिली. खेळ सुरू व्हायची वाट बघतात तशी. आबांचं तोंड मिटलं. शिवराम गर्दीवर धावून जाणार होता, वहिनींनी त्याचा दंड धरला. एकाला मारून काय होणार? तिथं शंभर होते.

मला त्या माणसांचा भयंकर राग आला. आणि त्याच वेळी मला ठाऊक होतं की यांना काय पाहिजे ते माझ्याइतकं इथं कुणालाही माहीत नाही.

मी मोटारीच्या शिडीवर चढलो आणि वरच्या मेंढपाळाला खड्या आवाजात म्हणालो, "ओ पाहुणं, ही शेळी माझी आहे. हिच्याशी माझं लग्न ठरलंय." माणसं वळली. मी शेळीच्या गळ्यात पडलो. तिनं ढुशी दिली. मी शिडीवरून गडगडत कोळशाच्या ढिगात आलो. पुन्हा चढलो. काळ्या तोंडानं तिची मनधरणी केली. शेळीनं माझ्या धोतराचं टोक तोंडात धरलं. मी ओढलं असतं तर सुटलं असतं. मी ओढलं नाही. उलट गिरकी घेतली. धोतर फिटलं आणि सांगलीच्या नाटक कंपनीतला मुख्य विनोदी नट भर बाजारात, लंगोटावर, शेळीच्या मागं टपावर पळायला लागला.

थांबा नुसता फुटला. माणसं पोट धरून खाली बसत होती. भुईमुगाची टरफलं आली, शेण आलं, एक कांदा कपाळावर बसला. मी प्रत्येक गोष्टीला मुजरा केला. कुणी ओळखलं, ओरडलं, "आरं, त्योच हाय ह्यो!" मग तर आणखी. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं आणि पाठी आबांकडं.

त्या पाठींपलीकडं, टपावरून मला दोघं दिसत होते. आबांचे ओठ हलत होते. मूठ मांडीवर पडत होती, एकदा, दोनदा, पुन्हा. शिवराम वाकून, कान जवळ नेऊन उभा होता. वाक्य संपल्यावर तो मान हलवायचा आणि आबा पुढचं सुरू करायचे. मध्येच वहिनी काहीतरी बोलल्या, आबांनी त्यांनाही उत्तर दिलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. एवढ्या गोंगाटात ऐकू येणं शक्यच नव्हतं. तो गोंगाट मीच चालवला होता. मी शेळीशी भांडण लांबवत राहिलो, पुन्हा पडत राहिलो, गुडघे फुटले तरी थांबलो नाही. ड्रायव्हर सीटवर बसला, भोंगा वाजला, तेव्हा थांबलो.

त्यानंतर मी वीस वर्षं कामं केली. टाळ्या मिळाल्या, एकदा चांदीचं पदकही मिळालं. पण मला विचाराल तर माझं काम त्या टपावर झालं. बघणाऱ्या शंभरांपैकी एकालाही ते कशासाठी चाललंय हे कळलं नाही. त्यांच्यात त्या दिवशीही काही सुधारणा झाली नव्हती. ते फक्त दुसरीकडं बघत होते.

शिवराम लढाई संपल्यावर सुखरूप घरी आला, हे मला पुढं कराडच्या बाजारात कळलं. माझ्या कंपनीत तो प्रवेश मात्र चालूच राहिला. इतर कंपन्यांनीही उचलला. मी थांबवायचा प्रयत्न केला, कुणी ऐकलं नाही.

त्या दिवशी मोटार गेली. धूळ खाली बसली. मी कोळशानं माखलेला, लंगोटावर, रस्त्याच्या मधोमध उभा. धोतर शेळीबरोबर गेलं होतं. माणसं अजून पांगली नव्हती, आणखी काही होईल म्हणून थांबली होती. त्यांच्यातून वाट काढत आबा आले. आपल्या खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि माझ्या अंगावर फेकलं. हातात दिलं नाही, फेकलं.

मग त्यांनी मान ताठ केली. गर्दीत कुणीतरी खिदळलं. आबांनी त्या बाजूला पाहिलं, थांबले, पुन्हा माझ्याकडं वळले आणि मूठ वळली.

"गु... गु... गुंडाळ," ते म्हणाले. "आन् ज... जा. तुजं त्वां... त्वांड पु... पुन्ना दा... दावू नगंस."

एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला. मी मध्ये बोललो नाही, मान खाली घातली नाही. सगळं ऐकून घेतलं, आणि निघालो.